खाऱ्या मासळीचा तंबाखू

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. चौलच्या वाडीतून मी म्हसळ्याकडच्या एका भातशेतीच्या घरात सून म्हणून गेले, तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी भरपूर होत्या, केस आणि शहाणपणा. भात निघालं की मामंजी, म्हणजे माझे सासरे, विहिरीजवळच्या तुकड्यात घरच्या चिलमीपुरता तंबाखू लावत. तिथं मी शहाणपणा चालवला.

त्याला खत काय घालता, असं मी विचारलं. शेणखत, ते म्हणाले. मला हसू आलं. आमच्या माहेरी नारळाच्या बुंध्याशी खाऱ्या मासळीचा कुटा पुरतात, म्हणजे मिठात मुरलेले, खायच्या कामाचे न राहिलेले तुकडे नि चुरा. आमचे नारळ एकदा बघाच, असंही मी ऐकवलं.

"आमच्यात असं कोन घालीत न्हाय," मामंजी म्हणाले. "पन तू म्हनतेस तर घाल."

झालं. बाजारातल्या कोळणीला मामंजींनी काढून दिलेले पायलीभर तांदूळ देऊन मी टोपलीभर कुटा आणला आणि रोपागणिक मूठमूठ पुरला. आठ दिवस गावातली सगळी मांजरं आमच्याकडे मुक्कामाला होती.

शेंडे खुडायला मामंजींनी शिकवलं. कळ्यांचा झुपका दिसला की नखाने मोडायचा. मग पानांच्या बेचक्यात फुटवे येतात, तेही काढत राहायचं, म्हणजे झाडाचा जोर पानांत उतरतो. कोवळ्या कळ्या मोडताना मला वाईट वाटे, आणि बोटांना असा चीक बसे की भाकरी कडू लागे. पण पानं मात्र सुपाएवढी झाली. वाटेवरचा माणूस थांबून विचारी आणि मामंजी सांगत, "सूनबाईचं खत हाय." सासूबाई तोवर मला साधी तांदळाची कोठी उघडू देत नव्हत्या. आता या तंबाखूवर माझी घरातली पत ठरणार होती.

पानं वाळली, मुरली. मामंजींनी चार शेजाऱ्यांना बोलावून चिलीम भरली. निखारा ठेवला, ओढली, विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. एका म्हाताऱ्याने पान चुरून जिभेवर ठेवलं.

"मीठ खाल्लंय पानानं. ह्यो जळायचा न्हाय."

दाराआड मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या साली मामंजींनी दुसरा तंबाखू विकतही आणला नाही. दर दोन झुरक्यांनी चुलीपाशी येत, "पोरी, निखारा दे." मी मान खाली घालून देई. मला तर रागच यायचा, एकदाचं बोलून मोकळे का होत नाहीत म्हणून.

पुढच्या हंगामात रोपं लावायला सगळे बांधावर जमलो. खताचं निघालं तशा सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मामंजी मात्र हसले नाहीत.

"तिलाच इचारा," ते म्हणाले. "चूक करून शिकलेली ह्या घरात ती एकटीच हाय."

"शेणखत," मी म्हणाले, आणि तिथंच मला रडू कोसळलं.