लवंगीच्या मापाचं किट

तिचा डावा हात ओला होतो आहे. दुपारपासून हे एकच वाक्य डोक्यात भुणभुणतंय आणि झोप काही येत नाही.

ती म्हणजे आमच्या भागातल्या प्रसूतिगृहाची सिस्टर. उंची जेमतेम पावणेपाच फूट, जीभ तिखट, म्हणून सगळे पाठीमागे तिला लवंगी म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. मागच्याच गल्लीत राहते, मला वहिनी म्हणते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिने माझं बाळंतपण केलं. तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती म्हणे. मी माझ्याच व्यापात, मला काय दिसणार. एकदा एका बाळंतिणीचा नवरा म्हणाला, मुलगा झाला तरच फोन करा. लवंगीने त्याला शांतपणे सांगितलं, मग फोन बंदच ठेव, चार्जिंग तरी वाचेल.

माझी त्या वेळची लेक आता स्वतः पोटुशी आहे. अकरा दिवस उरलेत.

तापाची साथ आली आणि प्रसूतिगृहाचं नशीब फिरलं. तिथल्या तीन सिस्टरांचा पगार परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीतून होत होता. ती मदत तापाच्या वॉर्डाकडे वळली आणि दोघी सिस्टर तिकडे गेल्या. बायका काय, साथ असो नसो, बाळंत होतातच, असं वरचे साहेब म्हणाले. उरली एकटी लवंगी. तिच्या वाट्याला संसर्ग टाळायच्या किटचा एक खोका आला. डोक्यापासून पायापर्यंतचे अखंड पोशाख, धुऊन पुन्हा वापरायचे, सगळे पुरुषी मापाचे. पहिल्याच दिवशी पायघोळ किटमध्ये पाय अडकून ती बाळंतिणीच्या खाटेवर आदळली. लहान माप मागितलं तर ऑफिसातून उत्तर आलं, "मदत माप बघून येत नाही, सिस्टर."

"मग राक्षसिणी पाठवा बाळंत व्हायला," लवंगी म्हणाली आणि पाच किटं घेऊन थेट माझ्याकडे आली. माझ्याकडे मशीन आहे, हात बरा आहे. मी पाय वर घेतले, बाह्या अरुंद केल्या, बगलेत टीप मारली. आतून प्रत्येक शिवणीवर एक जाड चिकटपट्टी होती. ती सुईला अडत होती, म्हणून मी सोलून काढली. वर कौतुकाने म्हटलंसुद्धा, बघ किती सफाईदार दिसतंय. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, लग्नातसुद्धा इतकं अंगाबरोबर काही बसलं नव्हतं हो."

तीन आठवडे ती तेच घालते आहे.

आज दुपारी त्यातलं एक घेऊन आली. डावी बाही अजून थोडी आत घ्या म्हणाली, हाताला ओल लागते, घाम असेल. परवा एका तापकरी बाईचं बाळंतपण होतं, कोपरापर्यंत रक्त, हेही तिने बोलता बोलता सांगितलं. ती गेल्यावर मी बाहीचं मनगट आवळून धरलं आणि नळाखाली तीत पाणी भरलं. माझ्या टाक्यांतून थेंब बाहेर आले, एकामागून एक, सरळ रेषेत. ती पट्टी टाक्यांची भोकं बंद करायला होती, ते तेव्हा कळलं. शिकलेली बाई मी, आणि एवढं सुचू नये?

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सांगून ती दुसरं किट आणणार कुठून? ऑफिसला कळलं तर प्रसूतीची खोली बंद करतील. आपल्या पोरीचं सुखरूप होऊ दे, मग सांग."

खोटं कशाला लिहू, मला ते पटलं. संध्याकाळभर पटलेलंच होतं. खोली बंद झाली तर लेकीला घेऊन जायचं कुठे? मोठ्या दवाखान्यात, तापाच्या वॉर्डाच्या दारातून? दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तिला ताप आला असेल का, हे विचारायचंही धाडस होईना. हो म्हणाली तर?

पण मघाशी लेकीच्या खोलीत डोकावले. ती कुशीवर झोपली होती. लवंगीच्या त्याच बाहीतला हात अकरा दिवसांनी हिच्याही अंगाला लागणार आहे. आणि त्याआधी किती जणींच्या, देव जाणे. लवंगीला सासू नाही, नणंद नाही. घरात दहावीतली एक मुलगी आहे, तिलाही ती त्याच हातांनी वाढते.

ऑफिसकडे मी स्वतः जाईन, किट मी बिघडवलं म्हणून सांगेन. पट्टी कुठे मिळते तेही शोधेन. पण ते उद्या उजाडल्यावर. तिची पाळी सहाला सुरू होते, साडेपाचला ती किट चढवते. आता पावणेदोन झालेत. झोपमोड होईल, दोन शिव्या देईल, देऊ दे. चुलीत गेली माझी लाज. आधी सांगायचं, त्या पाचांतलं एकही किट अंगात घालू नकोस. मग विचारायचं, ताप आहे का.

फोन लावते.