खंडेनवमीची हळद आन् सासूबाई ट्रेडर्स

"हळद कुटं टाकली तू? मशीनच्या आत गेली का?"

डिस्पॅचचे साहेब माज्यावर वरडले. गेटवर भरलेले टेम्पो अडून हुते. सुप्याच्या फॅक्टरीत मी चलन टाकायची. कुनाला काय माल चाललाय ते कॉम्प्युटरवर भरायचं. गेटवाल्याला ते दिसलं की टेम्पो सुटतो. त्या दिवशी माज्या स्क्रीनवर 'सेव्ह झालं' यायचं, गेटवर कायबी न्हाई. आन् नुकत्याच झाल्याल्या खंडेनवमीला सगळ्या मशिनी बंद करून पुजल्या, तवा सर्व्हरला हळदीकुंकू मीच लावल्यालं. मी धाव्वी नापास, पोरगी अजून अंगावर पिती. ही नोकरी गेली तर दुसरी कोन देतंय?

पुन्याहून रेवती मॅडम आल्या. चलनाचा प्रोग्रॅम त्यांच्याच कंपनीनं 'जावा' नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिवल्याला.

"साहेब, हळदीनं चलन हरवत नाही," त्या म्हनल्या. "सुनीता, जुनं एखादं गिऱ्हाईक शोध बरं."

मी शोधलं, तर यादीत खरं गिऱ्हाईक एकबी न्हाई. साहेब वाकून बगाया लागले. "सासूबाई ट्रेडर्स? हे कोन?"

मी खाली मान घालून म्हनलं, "सर, ते ट्रेनिंगमदी... कायबी नाव टाका म्हनले, म्हनून..."

साहेब म्हनले, "घरचं भांडन फॅक्टरीत आनलं व्हय!"

मॅडम मातर ताठ बसल्या. "सापडलं."

मंग त्यांनी मला समजल आसं सांगितलं. प्रोग्रॅम माहिती ठिवायचं आपलं कपाट आपन शोधत न्हाई. चालू हुताना त्याच्या हातात बाहेरून कपाट देत्यात, खऱ्या मालाचं न्हाईतर सरावाचं. कुठलं द्यायचं ते एका फाईलीत लिवल्यालं आसतं. पुढच्या ट्रेनिंगसाठी कुनीतरी तितं सरावाचं लिवून ठिवलं. पन सर्व्हर बंदच झाला न्हाई, म्हनून जुनंच चाललं. पूजेला बंद केला, उघडताना त्यानं नवं वाचलं. गेटचा प्रोग्रॅम येगळा, त्याच्या हातात खऱ्या मालाचंच कपाट हुतं, म्हनून माजी चलनं तितं दिसंनात.

"कुनी लिवलं?" साहेबांनी इचारलं.

"आमच्याच माणसानं. चूक आमची आहे, हिची नाही."

एवढी शिकल्याली बाई, साहेबाच्या तोंडावर आपल्याच कंपनीची चूक सांगती! मी बगतच ऱ्हायले. त्यांनी त्या फाईलीतली एक वळ बदलली, सर्व्हर बंद करून चालू केला. मी सगळी चलनं परत टाकली. गेटवरनं फोन आला, "सुटले टेम्पो!"

पुढच्या खंडेनवमीला साहेबच हळदीची वाटी घिऊन आले. "लाव बिनधास्त. पन चालू झाल्यावर आदी सासूबाई शोध. घावल्या तर माल सोडू नको."