बाही उलटी लागलीय

माझी बायको नसीम गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची पहिली अडचण ही झाली, की ती नेमकी कशाने गेली म्हणायचं. मेंदूचा कॅन्सर तेरा वर्षांपूर्वी झाला होता आणि बरा झाला होता. गाठ शेवटपर्यंत परत आली नाही. कागदावर न्यूमोनिया लिहिलं आहे. ‘म्हणजे कॅन्सर नव्हे ना?’ असं एका नातेवाइकाने विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं. आता चाळिसावा दिवसही होऊन गेला. त्याला तेव्हा जे सांगायचा कंटाळा केला, ते इथे लिहितो.

कसबा पेठेत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी नसीमचं शिलाई मशीन. ती ब्लाऊज शिवायची. बायका मापाला जुना ब्लाऊज आणून द्यायच्या, आणि ही त्यांच्याकडे एकदा नजर टाकून म्हणायची, ‘दंडात वाढलात, अर्धा इंच सोडते.’ रागावून गेलेली बाई पुढच्या सणाला पुन्हा यायचीच. घरात आम्ही आपली दखनी बोलायचो, पण नसीमला खरा राग आला की ती मराठीवर यायची. गिऱ्हाइकांशी वाद घालून घालून तिची भांडणाची भाषा मराठीच झाली होती.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, वर्षभर गोळ्या झाल्या. केस परत आले, तेही कुरळे. ती पुन्हा मशीनवर बसली त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटलो. तिसऱ्या वर्षी ती चहाला आधण ठेवून तिथेच उभी राहू लागली. पुढे काय करायचं ते आठवायचं नाही. डावा हात ढिला पडला, दिवसातून दोनदा झोप अनावर व्हायची, कधी झटका यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘रेडिएशननं जीव वाचला, पण त्याचे असे परिणाम उशिरा दिसतात. हे मागे फिरणार नाही.’ लोक मात्र म्हणायचे, दिसते तर छान. दिसत होती छान, त्यात वाद नव्हता.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. गोळ्यांचा डबा, न्हाणीघरात स्टूल, भिंतीला धरायला दांडी, सगळं चोख लावलं. फॅक्टरीत मी तपासणी विभागात होतो, केसाएवढा फरक असला तरी तयार भाग बाजूला काढणारा माणूस. आणि त्याच माणसाने घरात जे केलं ते असं. नसीम शिवायची त्या ब्लाऊजांत चुका होऊ लागल्या. डावी बाही उजवीकडे, गळा मागचा पुढे. तिच्या ते ध्यानात येत नव्हतं. मला सांगवेना. ती दुपारी झोपली की मी ब्लाऊज पिशवीत घालून मागच्या गल्लीतल्या लतीफभाईंकडे न्यायचो. ते उसवून नीट शिवून द्यायचे, मी इस्त्री करून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवायचो. दोन वर्षं हे चाललं. खरं सांगायचं तर मला त्यात बरंही वाटायचं. आपण किती सांभाळतो, असं. तिला काही कळत नाही हे माझ्या सोयीचं झालं होतं.

मग एका सकाळी लिमयेबाई आल्या. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, जिभेला हाड नाही. नव्या ब्लाऊजचं कौतुक त्या क्वचितच करत, त्या दिवशी केलं. म्हणाल्या, ‘आतून इंटरलॉक करायला लागलीस ते उत्तम. धागे निघत नाहीत.’ त्या गेल्यावर नसीमने मशीनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे कापडाच्या कडा बांधणारं ते इंटरलॉकचं मशीन कधीच नव्हतं. मी मापं तपासत होतो, गळा तपासत होतो, आतली बाजू उलटून पाहायचं मला सुचलंच नव्हतं. सकाळी जेवले की नाही हे जिला आठवत नसे, तिला एवढं पुरेसं होतं.

‘इंटरलॉक कुणाकडे आहे?’

‘लतीफभाईंकडे,’ मी म्हणालो.

बोलताना तिला शब्द शोधावे लागत, त्या दिवशी तिने ते सगळे शोधले. ‘फॅक्टरीत माल खराब निघाला, तर तुम्ही कामगाराला सांगत होतात, की गुपचूप दुसऱ्याकडून करून घेत होतात?’

‘सांगत होतो.’

‘मग मी काय मेले होते?’



दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कापड कापलं, शिवलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘बघा.’ मी पाहिलं. ‘बाही उलटी लागलीय,’ मी म्हणालो. तिने उसवली, पुन्हा लावली. पुन्हा उलटी. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि मी तिसऱ्यांदाही सांगितलं. तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि ती रडली... मीही. डोळे पुसून म्हणाली, ‘आता ब्लाऊज बंद. साड्यांना फॉल लावीन. ती सरळ रेघ आहे, त्यात पुढचं काही आठवावं लागत नाही.’

त्यानंतरची सात वर्षं तिने हातानं फॉल लावले. कापड डाव्या गुडघ्याखाली दाबायचं, सुई मी ओवून द्यायची. एका साडीला आठवडा लागे, कधी मधेच झटका आला की पंधरवडा. गिऱ्हाइकांना मी आधीच सांगायचो. काही गेली, काही राहिली. टाका साडीच्या दर्शनी बाजूला वर दिसला की मी बोट ठेवायचो, ती माझ्यावर डाफरायची आणि उसवायची. सांभाळणं कमी झालं नव्हतं. शेवटी शेवटी घास गिळतानाही ठसका लागायचा, अन्न श्वासनळीत जायचं, मी भात कालवून पातळ करायचो; न्यूमोनिया झाला तो त्यातूनच. पण तिच्या कामाला मी पुन्हा तिच्या पाठीमागे हात लावला नाही.

चाळिसाव्यानंतर लिमयेबाई त्यांची साडी न्यायला आल्या. फॉल अर्धाच झाला होता. ‘तशीच द्या,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. आयुष्यात बटणही न लावलेल्या माणसाने उरलेला फॉल लावला. आठ दिवसांनी त्या आल्या तेव्हा साडी पसरून मी सांगितलं, ‘इथपर्यंत नसीमचा. इथून पुढे माझा.’

त्यांनी चष्मा लावला, साडी उजेडाला धरली. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, ‘शेख, तुमचा टाका वर दिसतोय. उसवा.’

मी साडी ठेवून घेतली. तीनदा उसवून झालं आहे. दर वेळी सकाळी खिडकीपाशी बसतो, शेवटच्या टोकापासून माझे टाके काढत काढत तिच्या टाक्यापाशी येतो आणि तिथे थांबतो. मग सुई ओवतो.