हाताची घडी, तोंडावर बोट

परदेशातल्या शाळेने गणिताच्या बाईंना घरी बसवलं. कारण काय, तर म्हणे आवाज फार मोठा. शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा पाढे म्हणायला लागतात! नोकरीबरोबर व्हिसाही जाणार, म्हणून बाईंनी धडपडून दुसरी शाळा गाठली आणि तिचं पत्र घेऊन त्या व्हिसाच्या कचेरीत थडकल्या.

तिथे खिडकीपाशी नुसती झुंबड. जो तो कोपराने ढोसत पुढे घुसतोय आणि आतला साहेब च्युइंगगम चघळत मजा बघतोय. बाईंचं डोकंच सणकलं.

"एका रांगेत उभे राहा! हाताची घडी, तोंडावर बोट!"

अख्खी कचेरी चिडीचूप. दोन टक्कलवाले गृहस्थ तर उंचीप्रमाणे जागा बदलून उभे राहिले. साहेबाने च्युइंगगम गुपचूप कागदात गुंडाळलं.

बाईंचा नंबर आला. कागद चाळून साहेब खालमानेने म्हणाला, "बाई, उद्या परत यावं लागेल."

"का? काय राहिलंय कागदांत?"

"कागद चोख आहेत हो. पण उद्या गर्दी आजच्या दुप्पट असणार आहे."