मामांचा ओहोळ

मुलीसाठी स्थळ पाहायचं तर लोक मुलाचा पगार विचारतात, पत्रिका विचारतात, फारच चौकस असले तर त्याच्या ऑफिसात जाऊन शिपायाला चहा पाजतात. माझ्या बायकोचे मामा मुलाला धबधब्यावर नेत. सबंध मुलुंडात असा वधूपिता दुसरा नव्हता, आणि मामींच्या मते एक होता तोच पुष्कळ होता.

धबधबा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. कॉलनीच्या मागे डोंगर, जंगलातून गेलेली मळलेली वाट, मध्ये एक ओहोळ आणि शेवटी कातळावरून पडणारं पाणी. श्रावणातल्या रविवारी तिथे कडेवरची पोरं, नऊवारीतल्या आज्या, डब्यांसकट अख्खी कुटुंबं जात. कणसं भाजणारी बाई शेगडी डोक्यावर घेऊन आमच्या आधी पोचलेली असे. मामा मात्र खाकी हाफपँट, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात निघत आणि मधूनच थांबून वारा कुठून येतोय ते पाहत. वाट कुठे फुटत नव्हती, चुकायची सोय नव्हती, तरी थांबत. "जंगलाला गृहीत धरू नये," असं ते बजावत असतानाच मागून कुल्फीवाला "बाजू, बाजू" करत पुढे निघून जाई.

पोह्यांच्या बशीपुढे कोणीही सज्जन दिसतो, माणूस कळतो तो चिखलात, हा मामांचा सिद्धांत. त्याला पुरावा खुद्द त्यांच्या लग्नाचा. त्यांनी मामींना दिवाणखान्यात पाहिलं होतं. "मला कुणी आधी ह्यांच्याबरोबर डोंगरावर पाठवलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं," असं मामी चारचौघांत सांगत, आणि मामा ते मत बेधडक आपल्या सिद्धांताच्या खात्यात जमा करत.

तेव्हा बिचारे उमेदवार पॉलिश केलेले बूट आणि टेरिकॉटची पँट घालून डोंगर चढत. मागे त्यांच्या आया रेशमी साड्या सावरत येत. एकाने दोनदा घड्याळ पाहिलं, तो गेला. एकाने डब्यातला सर्वांत मोठा वडा उचलला, तो गेला. एकजण धबधब्यापुढे उभा राहून म्हणाला की लोणावळ्याला याहून मोठा आहे. त्याचं नाव पुढे मामांनी घरात घेऊ दिलं नाही.

पण खरी परीक्षा ओहोळाची. पाणी घोटाभर, दगड मात्र शेवाळलेले. ओलांडताना मुलगा हात कोणाला देतो हे मामा पलीकडच्या काठावरून, शिट्टी तोंडात धरून पाहत. ज्याने मुलीला, म्हणजे सुलूला, हात दिला तो आगाऊ ठरला. ज्याने मामींना दिला तो लाळघोट्या. ज्याने कोणालाच दिला नाही तो स्वार्थी. मग पास व्हायचं कसं, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जावईबापू, तो प्रश्न मुलाने सोडवायचा."

मामा स्वतः मात्र ओहोळ सर्वांआधी ओलांडत. पहिल्या दगडावर पाय ठेवला की डावा हात मागे करत, आणि सुलू त्या हातात छत्री देई. छत्री देताना ती हातही धरून ठेवी, ते पार पलीकडे जाईपर्यंत; मग बाकीच्यांसाठी परत अलीकडे येई. याला मामा 'छत्री घेणे' म्हणत. ऊन असलं तरी घेत.

श्रावण येत होते, स्थळं जात होती, सुलू पंचविशीच्या पुढे सरकली होती. मामींनी सोळा सोमवार धरले, सुटले, पुन्हा धरले. सुलू बँकेत नोकरी करणारी, हसऱ्या तोंडाची मुलगी; तक्रार करत नसे. एकदाच माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, सगळे बाबांना आवडले की नाही एवढंच बघतात गं. मला कोण आवडला ते कुणी विचारतच नाही."

मग घाटकोपरचा एक मुलगा आला. गोलसर, चष्मेवाला, सोबत आत्या. चढणीवर त्याला दम लागला आणि त्याने ते लपवलं नाही. ओहोळाच्या मधल्या दगडावर पोचला आणि तिथेच थांबला. पुढचा दगड पाहिला, मागचा पाहिला, चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि शांतपणे सुलूला म्हणाला, "अहो, जरा हात देता का? मला भीती वाटतेय."

सुलू हसली. सरळ पाण्यात उतरली आणि त्याला काठावर घेऊन आली. काठावर आल्यावर हात सोडायला दोघांनाही थोडा वेळ लागला.

मामांच्या तोंडातली शिट्टी गळून पडली. हात देणाऱ्यांचे सगळे नियम त्यांच्यापाशी होते, मागणाऱ्याचा एकही नव्हता. त्यांनी मला झाडाआड ओढलं आणि कुजबुजले, "घाबरट आहे हो."

मागे सुलू उभी होती. "बाबा, घाबरला तर निदान हात मागतो," ती म्हणाली. "छत्री मागत नाही. मला पसंत आहे हा."

धबधब्यापर्यंत मामा एकदाही वारा पाहायला थांबले नाहीत. मार्गशीर्षात लग्न झालं.

पुढच्या श्रावणात मामांनी नेहमीसारखं फर्मान काढलं. आता तपासायला कोणी उरलं नव्हतं. मामी, मी आणि माझी बायको, एवढेच निघालो. हाफपँट तीच, बूट तेच, शिट्टी गळ्यात. ओहोळाशी आल्यावर मामांनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि सवयीने डावा हात मागे केला. छत्री माझ्याकडे होती. मी पुढे केली.

"छत्री नको," मामा म्हणाले.

हात तसाच मागे. पाणी दगडाला वळसा घालून जात होतं. वळून न बघता ते म्हणाले, "अगं, जरा हात दे."

आता मामी काय टोला हाणतात म्हणून मी वाट पाहत राहिलो. इतक्या वर्षांची संधी होती. मामींनी निऱ्या वर खोचल्या, पाण्यात उतरल्या, हात धरला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "पुढचा दगड हलतो."