डाव्या पंखाचं आढं

आमच्या वारंगा फाट्यावरच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या होतात, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक विमान उभं आहे. घर ट्रॉल्यांवर चालतं. विमानानं आजवर फक्त माझी झोप उडवली. लोक हसायचे, त्यांच्याबरोबर मीही हसायचे. माझ्या नवऱ्याचं एकच म्हणणं होतं, स्वतःच्या हातानं केलेल्या यंत्रात बसून एकदा तरी गावावरून फिरायचं.

सांगाडा झाला, इंजिन बसलं, चाकं लागली. पंख काही जमेनात. पंख उलटा ठेवायचा, त्यावर वाळूची पोती रचायची आणि भार पेलतो का ते बघायचं, अशी त्याची परीक्षा असते. पंखातून आडवा जाणारा मुख्य लाकडी दांडा, त्याला आमचे हे पंखाचं आढं म्हणतात, सगळा भार त्याच्यावर. पहिल्या खेपेला आढं मोडलं. दुसऱ्या खेपेला मोडलं तेव्हा तो आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. त्यानंतर हे खाटेवर पडले ते पडलेच. वर्कशॉपला जाईनात, जेवेनात, दाढी करेनात. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, माझं रागावणं झालं, रडणं झालं, नणंदेला बोलावून झालं. हे भिंतीकडे तोंड करून निजायचे. इतकी वर्षं मला धास्ती होती ती विमानाची. आता वाटायला लागलं, हा माणूस खाटेवरच जाणार.

म्हणून साखरा गावाकडं एका घरी तयार पंखांची जोडी विकायला आहे असं कळलं, तेव्हा मीच त्यांना उठवलं. ज्या पंखांना मी तोंड भरून शिव्या घातल्या, त्यांच्यासाठी पिकअपही मीच ठरवली. लाजच वाटली मला स्वतःची, पण दुसरा इलाज उरला नव्हता.

घरी एक म्हातारी एकटीच होती. तिच्या मुलाचंही हेच वेड. त्याचं विमान अर्धवट राहिलं आणि तो काविळीनं गेला. बाकीचं सामान कुणी कुणी नेलं, पंख तेवढे राहिले. ते तिनं गोठ्यात जपून ठेवले होते. गोठ्यात जनावर नव्हतं, पण जमीन अशी सारवलेली होती की ताटाशिवाय जेवायला बसावं. उजवा पंख दोरांनी वाशांना टांगलेला होता. डाव्याचा दोर तुटला म्हणून तो भिंतीच्या कडेनं जमिनीवर उभा केलेला.

"दोन्ही वरच टांगले होते त्यानं," म्हातारी म्हणाली. "हा खाली आला तवापासून मी याच्याभवती सारवून राहिले. त्याच्या हाताची वस्तू हाय माय, धुळीत कशी ठेवू?"

ह्यांनी आधी उजवा बघितला. बोटांच्या पेरांनी ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. बाजारात बायका माठ वाजवून घेतात, अगदी तसं. आवाज सगळीकडे भरीव. कापडाखालच्या फासळ्या सरळ, डाग नाही, कुठं गंज नाही. पंख धरून पिळून बघितला, हूं की चूं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. किती दिवसांनी हसले होते! मला तिथंच रडू यायला लागलं.

"असं कापड चढवायला जमायचं न्हाई मला," हे म्हणाले. "लई सफाई होती माय, तुझ्या लेकाच्या हातात."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. "थांबा, हळदीकुंकू आणते," म्हणून ती घरात गेली. आमच्याकडे जनावर विकताना त्याला हळदीकुंकू लावून ओवाळतात. एकदा कुंकू लागलं की दावं घेणाऱ्याच्या हातात, मग नको म्हणायची सोय नाही.

हे डाव्या पंखाकडे वळले. टोकाकडून ठोकत आले. खाली जमिनीला टेकलेल्या भागाशी आवाज बदलला, भद्द झाला. ह्यांचा हात थांबला, तेवढी जागा सोडून पुढे गेला आणि पुन्हा वाजवू लागला.

"तिथं वाजवा," मी म्हणाले.

"वाजवलं."

"न्हाई वाजवलं. सोडलं तुमी."

"कापडामुळं तसं वाजतंय. काहून उगाच शंका काढून राहिली?"

हा माणूस ट्रॉलीचं वेल्डिंग तीनदा तपासणारा. ह्यांना कळलं होतं, आणि ह्यांना कळून घ्यायचं नव्हतं. मी त्यांच्या खिशातला चाकू काढला आणि पंखाच्या खालच्या बाजूचं कापड वीतभर चिरलं. आत मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या होत्या. वाळवी! आढ्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. वरचा रंग तेवढा शाबूत होता.

मी खाली बघितलं. शेणाचं सारवण पंखाच्या कापडाला टेकेपर्यंत आलेलं होतं, बोटांचे अर्धगोल अजून ओले. पोराच्या वस्तूला धूळ लागू नये म्हणून बिचारी सारवत राहिली आणि त्या ओलीनं वाळवीला वाट मिळाली. ह्यांनीही ते बघितलं.

तेवढ्यात म्हातारी ताट घेऊन आली. "काय हो, काही खोट हाय का?"

हे चिरलेल्या कापडापुढे उभे राहिले. "न्हाई माय. एकदम बराबर हाय. नेतो आमी."

तिनं दोन्ही पंखांना हळदीकुंकू लावलं, ओवाळलं आणि डाव्यावर हात फिरवला. तुझ्याच हातानं हे झालं असं त्या बाईला कोण सांगणार!

दोन्ही पंख पिकअपमध्ये चढवून आम्ही निघालो. कळमनुरी मागे पडल्यावर हे म्हणाले, "किडका भाग काढून तुकडा जोडता येईल."

"आणि तो तुटला म्हंजे?"

"मला एकदाच तर उडायचंय."

ड्रायव्हर शेजारी होता म्हणून मी ओठ दाबून बसले. शेडमध्ये पंख उतरवले, पिकअप गेली, आणि मग मात्र माझा बांध फुटला.

"एकदाच म्हंजे काय? मी मागं काय करू ते सांगा! मला तुमी खाटेवर पडलेले बी नको आन् आभाळातून पडलेले बी नको. मला तुमी घरात पाहिजेत, भांडायला!" मी करवत आणून त्यांच्यापुढे टाकली. "कापा तो पंख. आत्ता. राहिला तर तुमी लावणार, मला ठाऊक हाय."

त्यांनी करवत उचलली, पंखावर ठेवली. खांदे हलायला लागले. "माझा हात व्हत न्हाई," ते म्हणाले. "तूच काप."

इतकी वर्षं हे विमान मोडावं असं मला वाटत होतं. आता करवत हातात आली आणि तीच जड झाली. त्या पोराची सफाई दिसत होती, म्हातारीचं कुंकू दिसत होतं. तरी मी कापलं. लाकडानं करवत अडवलीच नाही. आतून भुसा ओतला गेला, माझ्या पायांवर, साडीवर. पंख दोन तुकडे होऊन पडला.

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला तीच खाट दिसायला लागली. संपलं, मी म्हटलं, आता हा माणूस उठत नाही. मी खाली भुशातच बसले आणि रडले, मोठ्यानं, शेजारच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाईल एवढं.

बऱ्याच वेळानं फळीवरचा डबा वाजला. हे टेप शोधत होते. उजव्या पंखाशी जाऊन बसले, नाक पुसलं.

"याच्यावरून माप घेऊन नवा डावा करतो," ते म्हणाले. "पण आधी याच्यावर पोती ठेवून बघू. तू म्हणशील तेवढी."

त्यांनी टेपचं टोक माझ्यापुढे केलं.

"ऊठ. हे टोक धर. नीट धर, ढिलं सोडू नको."

मी साडीवरचा भुसा न झटकताच उठले आणि टोक धरलं.