दुधनेचे उलटे काठ

उत्तराला गप्प बसता येत नाही आणि त्यापायी तिची नोकरी जाईल, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही.

माझी ही मुलगी परभणीत एका कंपनीत दुधना नदीच्या पुराचा नकाशा करते. सर्व्हेवाले नदीचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतची उंची-खोली, मोजून आणतात, ती ते आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरते. पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डाव्या काठापासून उजवीकडे मोजायचं, हा नियम. पण एका टप्प्यात गाडीरस्ता उजव्या काठाला होता, म्हणून सर्व्हेच्या पोरांनी तिकडूनच मोजत आणलं. सॉफ्टवेअरनं निमूट घेतलं. नकाशात काठांची अदलाबदल झाली आणि सखल भागातली वस्ती कोरडी दिसायला लागली. म्हणजे पुराचा इशारा त्या वस्तीला मिळणारच नाही.

“फाइल चढली ना? मग काय अडलं तुमचं?” तिच्या साहेबांनी विचारलं.

“सर, काठ उलटे आहेत.”

“उद्या अहवाल द्यायचाय, मॅडम. नदी काय पळून चाललीय?”

“नदी न्हाई, काठ पळालेत.”

तिनं अहवालावर सही केली नाही. ते छेद उलटवून ती आता सगळा हिशेब पुन्हा चालवतेय.

“सही कर अन् मोकळी हो,” मी संध्याकाळी फोनवर म्हणाले.

“आई, त्या वस्तीत तू राहत असतीस तर?” ती हसत म्हणाली. “नोकरी गेली तर येते भाकरी थापायला.”

तिच्या भाकरीवर कुणाचं पोट भरायचं नाही. पण नदीचं तिला कळतं, आणि ती बरोबर आहे. हे तिला माझ्याकडून ऐकू दे. ती जागीच असेल. आत्ताच फोन लावते.